क्लीनरचा ड्रायव्हर झाला, पुढे काय?

ट्रकवर मुलगा कसा लागतो, हे आपल्या वस्त्यांतील घराघरांना ठाऊक आहे. दहावीला गाडी अडकते, कोणी मामा किंवा चुलता लाईनवर असतो, त्याच्या मागे मुलगा क्लीनर म्हणून चढतो. काचा पुसणे, टायर ठोकून हवा पाहणे, ताडपत्री बांधणे, उस्तादाला चहा आणून देणे, आणि उस्तादाची मर्जी झाली तर रात्री मोकळ्या रस्त्यावर स्टिअरिंग. दोन-तीन वर्षांत हात बसतो. मग एजंटाला पैसे आणि खिशात परवाना. घरी पेढे वाटले जातात. वाटावेत, मेहनतीचे आहेत. परंतु या साऱ्या काळात त्या मुलाला ‘असे का करायचे?’ याचे उत्तर कोणी दिले काय?

२० नोव्हेंबर २०२२ रोजी पुण्याच्या नवले पुलाच्या उतारावर एका ट्रकने एकामागून एक कितीतरी वाहनांना धडक दिली. ड्रायव्हरने डिझेल वाचविण्यासाठी उतारावर इंजिन बंद करून गाडी न्यूट्रलवर सोडली होती, असे पोलिसांच्या प्राथमिक तपासात पुढे आले. ही युक्ती लाईनवर नवी नाही. उस्ताद शिकवितो, शेठ खूष होतो. पण गाडी गिअरमध्ये असली की इंजिनच तिला मागे धरून ठेवते. न्यूट्रलमध्ये तो आधार जातो आणि सगळा भार ब्रेकवर येतो. ब्रेक पुन्हा पुन्हा दाबला की ड्रम तापतात आणि तापलेला ब्रेक पकडत नाही. अवजड गाडीचा ब्रेक हवेवर चालतो व ती हवा भरणारा कॉम्प्रेसर इंजिनावर फिरतो. इंजिन बंद असेल तर दर दाबाबरोबर टाकीतील हवा कमी होते, नवी भरत नाही. पॉवर स्टिअरिंगही जड होते. हे ज्याला नीट समजले तो दहा-वीस रुपयांच्या डिझेलसाठी जीव पणाला लावणार नाही. हात बसणे वेगळे आणि धंद्याचे ज्ञान असणे वेगळे, ते असे.

कायद्यात शिक्षण नाही असे नाही. मालवाहू किंवा प्रवासी वाहनाच्या परवान्यासाठी वय २० वर्षे पूर्ण हवे, हलक्या वाहनाचा परवाना हाती येऊन एक वर्ष झालेले हवे आणि मान्यताप्राप्त ड्रायव्हिंग स्कूलचे नमुना ५ मधील प्रमाणपत्र हवे. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार अशा वाहनासाठी किमान ३० दिवसांचे प्रशिक्षण व त्यात निदान १५ तास प्रत्यक्ष गाडी चालविणे आहे. आता आपल्या ओळखीच्या दहा ड्रायव्हरांना विचारा, ते ३० दिवस कोठे गेले? बहुतेक जण हसतील. प्रमाणपत्र मिळते, शिकवणी मिळत नाही. २०२१ मध्ये मान्यताप्राप्त प्रशिक्षण केंद्रांचे नवे नियम आले. त्यात अवजड वाहनासाठी ६ आठवड्यांत ३८ तासांचा अभ्यासक्रम आहे आणि तेथे उत्तीर्ण झालेल्याला आर.टी.ओ.ची वाहनचाचणी माफ आहे. अशी केंद्रे प्रत्येक जिल्ह्यात नीट उभी राहिली तरच याला अर्थ.

शिकविण्यात हयगय आहे, शिक्षेत मात्र नाही. निष्काळजीपणाने मृत्यू घडविल्यास जुन्या दंड संहितेत २ वर्षांपर्यंत कैद होती. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या न्याय संहितेच्या कलम १०६ मध्ये ती ५ वर्षांपर्यंत आहे. जादा माल भरल्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ मध्ये २०१९ च्या दुरुस्तीने २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला २,००० रुपये असा दंड आला. हे कलम भरायला लावणाऱ्याला लागते तसेच चालविणाऱ्यालाही लागते. माल कोण भरून देतो? गोदामावर ‘एवढे तरी ने’ म्हणणारा कोण असतो? तो चौकीवर कधी दिसत नाही.

याच ठिकाणी युरोपातील पद्धत पाहण्यासारखी आहे. युरोपियन संघाने २००३ च्या एका निर्देशाने बस व ट्रक चालकांसाठी ‘व्यावसायिक पात्रता’ सक्तीची केली. ती बससाठी २००८ पासून व ट्रकसाठी २००९ पासून लागू झाली. नुसता परवाना पुरत नाही. आरंभी पात्रता मिळवावी लागते आणि नंतर दर ५ वर्षांनी ३५ तास पुन्हा वर्गात बसावे लागते, मग ड्रायव्हर वीस वर्षांचा जुना का असेना. माल कसा बांधावा, इंधन कसे वाचवावे, थकवा कसा ओळखावा, कागद कोणते बाळगावेत, हे सारे त्यात येते. शिवाय साडेचार तास गाडी चालविल्यावर ४५ मिनिटे विश्रांती हवीच, आणि दिवसाचे चालविणे साधारणतः ९ तास. गाडीतील यंत्र त्याची नोंद ठेवते. आपल्याकडेही १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने दिवसाला ८ तास व आठवड्याला ४८ तास ठरविले होते. तो पाळलेला पाहिलेला ड्रायव्हर मला तरी भेटायचा आहे.

मला त्याहून महत्त्वाची वाटते ती दुसरी गोष्ट. तेथे परीक्षा केवळ ड्रायव्हरला नाही, कचेरीत बसून गाड्या सोडणाऱ्यालाही आहे. २००९ च्या नियमानुसार वाहतुकीचा धंदा करणाऱ्या कंपनीला एक परिवहन व्यवस्थापक दाखवावा लागतो. त्याने कायदा, हिशेब, कर, कामगारांचे नियम, गाडीची तांत्रिक बाजू यांची लेखी परीक्षा दिलेली असावी लागते. गंभीर नियमभंग झाला तर त्याची पात्रता जाते. म्हणजे थकलेल्या माणसाला पुन्हा रात्रीच्या खेपेवर पाठविणाऱ्याचेही काही पणाला लागलेले असते. आपल्याकडे त्या खुर्चीसाठी शेठचा भाचा असणे पुरते.

त्या परीक्षेतले हिशेब, कर, करार हे विषय बी.कॉम.च्या मुलांना परके नाहीत. भाड्याचा दर काढणे, फेरीमागे डिझेल-टोल-टायर यांचा खर्च मांडणे, विमा, फिटनेस व परमिटच्या तारखा सांभाळणे ही त्यांच्या हातची कामे आहेत. पुण्याजवळ भोसरीला १९६७ पासून सेंट्रल इन्स्टिट्यूट ऑफ रोड ट्रान्सपोर्ट ही संस्था आहे. तेथे चालकांप्रमाणे व्यवस्थापकांचेही वर्ग होतात. ज्यांची पदवी पेटीत पडून आहे त्यांनी चौकशी करावी. आणि ज्यांच्या हाती आज स्टिअरिंग आहे त्यांनी धोकादायक मालाच्या टँकरसाठी लागणारा तीन दिवसांचा वर्ग करावा. तो प्रमाणपत्राशिवाय चालत नाही, म्हणून त्याला पगारही बरा मिळतो. मात्र एक भारतीय भाषा व इंग्रजी लिहिता-वाचता यावी लागते, आणि परवान्यावरील ती नोंद दर तीन वर्षांनी उजळणी वर्ग करून नवी करावी लागते.

परदेशाची हवाही सध्या आहे. २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने जर्मनीतील बाडेन-वुर्टेंबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळासाठी करार केला, तेव्हापासून ‘युरोपात ड्रायव्हर पाहिजेत’ अशा चिठ्ठ्या चौकाचौकांत फिरू लागल्या आहेत. आपला परवाना तेथे ट्रकसाठी कायमचा चालत नाही. तेथील परवाना आणि वर सांगितलेली पात्रता, दोन्ही मिळवाव्या लागतात. एजंटाच्या हातावर मंगळसूत्र गहाण टाकून आणलेले पैसे ठेवण्याआधी त्याला लेखी विचारा: पात्रतेचे ते सुरुवातीचे १४० तास कोण शिकविणार, कोणत्या भाषेत, आणि तोपर्यंत पोराच्या जेवणाखाण्याचे काय?