बटणापासून प्रोग्रामपर्यंत : मेनफ्रेमचा ताबा

संभाजीनगरजवळ वाळूजला बजाजचा कारखाना १९८५ साली सुरू झाला. त्या पट्ट्यात पीएलसीवर, म्हणजे यंत्रे चालवणाऱ्या नियंत्रक संगणकावर, काम करणाऱ्या कुणालाही इमर्जन्सी स्टॉपचे महत्त्व समजावून सांगावे लागत नाही. यंत्र थांबवण्याची वाट त्याच्या रोजच्या प्रोग्रामच्या भरवशावर सोडायची नसते. बँकांचे व्यवहार पेलणाऱ्या मेनफ्रेमचे नियंत्रणही याच तत्त्वावर चालते, आणि संभाजीनगरच्या ऑटोमेशनवाल्यांनी तिकडे वळून पाहावे, असे मला मनापासून वाटते.

मोठे संगणक महाराष्ट्रात लवकर आले. १९६१ मध्ये मुंबईत एस्सो कंपनीकडे आयबीएम १४०१ आला, १९६४ मध्ये टीआयएफआरमध्ये सीडीसी ३६००. तेव्हा ऑपरेटर दिवे बघून बटणे दाबत असे. १९७८ मध्ये आयबीएमने भारत सोडला. पुढे दहा वर्षांनी तिच्या यंत्रांत एकाच पेटीचे अनेक विभाग, म्हणजे एलपार, करता येऊ लागले. प्रत्येक विभाग स्वतंत्र संगणकासारखा चालतो. इतके विभाग हाताने कोण सांभाळणार?

पेटीतच 'सपोर्ट एलिमेंट' हा वेगळा छोटा संगणक असतो. एखाद्या विभागातली सिस्टिम गोठली तरी तो जागा राहतो. बाहेरचा एचएमसी कन्सोल त्याच्यामार्फत विभाग सुरू करतो, थांबवतो, रीसेट करतो. हीच कामे झेड/ओएस या मेनफ्रेमच्या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये चालणाऱ्या प्रोग्रामलाही करू देणारा मार्ग म्हणजे बीसीपीआयआय. बाहेरच्या नेटवर्कमधून न जाता, पेटीच्या आतूनच निरोप जातो.

त्याची खरी किंमत कळते ती बिघाडाच्या क्षणी. सिस्प्लेक्समधल्या, म्हणजे एकत्र जोडून चालवलेल्या, अनेक सिस्टिम एकाच डिस्कवर लिहीत असतात आणि आपण जिवंत आहोत, अशी नोंद सतत करत राहतात. एकीची नोंद थांबली, तर ती मेली की नुसती अडकली? मेली समजून दुसरीने तिचे काम उचलले आणि ती मध्येच शुद्धीवर येऊन जुने लिखाण डिस्कवर उतरवू लागली, तर लोकांच्या खात्यांचा हिशेब बिघडेल. म्हणून पूर्वी ठरलेली मुदत संपेपर्यंत थांबावे लागे. पुष्कळदा ऑपरेटरने ती सिस्टिम रीसेट करून तसे कळवेपर्यंत सारे खोळंबून राही. २००९ च्या झेड/ओएस १.११ पासून उरलेल्या सिस्टिम बीसीपीआयआयमार्फत थेट हार्डवेअरलाच विचारू शकतात. विभाग थांबल्याची खात्री पटली की त्या सिस्टिमला लगेच बाहेर काढतात. गरज पडली तर रीसेटही त्याच करतात. माणसाला कन्सोलपर्यंत पोहोचायला लागणारा वेळ वाचतो, हे मला या साऱ्या कथेतले सर्वांत मोठे पाऊल वाटते.

एवढी सत्ता मोकळी सोडलेली नाही. कोणत्या प्रोग्रामने कोणत्या विभागाची फक्त माहिती घ्यावी आणि कोणाला हुकूम देता यावा, हे आरएसीएफसारख्या सुरक्षाव्यवस्थेत वेगवेगळे ठरवावे लागते. या परवानग्या घाईत ठरवणे म्हणजे चालू बँक बंद पाडण्याची किल्ली वाटून टाकणे. ऑटोमेशन लिहिणाऱ्याने पहिला वेळ इथेच द्यावा.

बीसीपीआयआयची ही कामे रेक्स भाषेतूनही करता येतात. त्याच्या एचडब्ल्यूआयरेस्ट या नव्या सोयीत तर यंत्राचे उत्तर जेसन या साध्या मजकुरी मांडणीत येते. पायथन शिकलेल्या पॉलिटेक्निकच्या मुलीला ते पहिल्याच दिवशी वाचता येईल.