आकडा वाढला, पुढे काय?

शिकलेली मुले हल्ली पुण्याला, बंगळुरूला ‘प्रॉडक्ट मॅनेजर’च्या जागेसाठी मुलाखती देतात. एखादे ॲप किंवा संगणकावरची सेवा कशी असावी, तीत काय ठेवावे, काय काढावे, हे ठरवणारा हा माणूस. मुलाखतीत त्याला असा प्रश्न हमखास येतो : “आम्ही एक बदल केला आणि वापर दहा टक्क्यांनी वाढला. बदल ठेवाल का?” पुष्कळ उमेदवार चटकन म्हणतात, “वाढला ना? मग ठेवू.” इथेच गाडी अडते.

का, ते एका खऱ्या हकिकतीवरून पाहू. मायक्रोसॉफ्ट कंपनीची ‘बिंग’ नावाची शोधसेवा आहे. आपण शब्द लिहायचे, तिने माहिती शोधून द्यायची. तिथे नवा बदल सर्वांना एकदम दाखवत नाहीत. चिठ्ठ्या टाकल्यासारखे माणसांचे दोन गट पाडतात, एकाला जुने दाखवतात, दुसऱ्याला नवे, आणि आकडे ताडून पाहतात. एकाच वावरात काही वाफ्यांना जुने खत, काहींना नवे घालून पाहावे, तसेच हे. याला ‘ए-बी टेस्ट’ म्हणतात.

अशा एका चाचणीत प्रोग्राममधल्या चुकीमुळे एका गटाला अगदी निकृष्ट उत्तरे मिळू लागली. वापर घटेल असेच कोणीही म्हणेल. पण घडले उलटेच! माणशी शोध १० टक्क्यांहून अधिक वाढले, माणशी उत्पन्न ३० टक्क्यांहून अधिक. कंपनीच्या संशोधकांनी हे २०१२ साली प्रसिद्ध केले. कारण साधे होते. उत्तर सापडेना, म्हणून लोक पुन्हा पुन्हा शोधत होते. आणि त्या रद्दी उत्तरांपेक्षा शेजारच्या जाहिराती बऱ्या वाटत होत्या. आकडा खरा होता, त्याचा अर्थ मात्र उलटा होता. माणूस त्या सेवेकडे किती वेळा परत येतो, हे माप संशोधकांनी त्यापेक्षा मोलाचे मानले.

मग तयारी कशी करावी? आकडा समोर आला की स्वतःला चार प्रश्न विचारा. ही वस्तू माणसाची कोणती गरज भागवते, आणि आकडा तीच गरज मोजतो का? तुलना कशाशी केली? दिवाळीच्या आठवड्यात विक्री वाढली, तर श्रेय बदलाचे की सणाचे? माणसे पुरेशी होती का? आणि हे वाढताना दुसरे काय घटले? एवढे झाले की निर्णय मात्र सांगून टाका. “आणखी माहिती हवी” म्हणून अडून बसू नका. कोणता आकडा दिसला तर तो निर्णय फिरवाल, तेही सांगा.

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, हा अभ्यास वर्गातही होईल. फळ्यावर लिहा : शाळेचा निकाल ८० टक्क्यांवरून ९० वर गेला. मग मुलांना विचारा, शिकवणे सुधारले, की कच्ची मुले परीक्षेला बसलीच नाहीत? हा प्रश्न ज्याला आपणहून सुचतो, त्याची निम्मी तयारी झालीच म्हणायची.