हंगाम सरल्यावर

कोल्हापुरास मृगाचा पाऊस एकदा लागला म्हणजे घराभोवतालच्या मोकळ्या जागेचे रूप पंधरा दिवसांत पालटते. उन्हाळ्यात जेथे धूळ उडत होती तेथे गुडघाभर गवत माजते, आणि तिन्हीसांजेला मुलांस परसात पाठविण्यास मन धजत नाही. कारण अशा गवतात घोणस किंवा फुरसे दडलेले असणे ही आपल्याकडे केवळ कल्पनेची गोष्ट नव्हे. एका वर्षी असेच गवत वाढले असता आम्ही कोठीतून पेट्रोलवर चालणारे गवत कापण्याचे यंत्र, ज्यास बाजारात ब्रश कटर म्हणतात, ते मोठ्या विश्वासाने बाहेर काढले व दोरी ओढली. एकदा ओढली, दहादा ओढली, खांदा भरून येईपर्यंत ओढली. पण यंत्राने हूं की चूं केले नाही.

शेवटी ते उद्यमनगरातील एका मेस्त्रींकडे नेले. त्यांनी आमच्यादेखत कार्बुरेटर उघडला. आत मधासारखा चिकट थर बसला होता, बारीक छिद्रे बुजली होती आणि इंधन ओढणारा पातळ रबरी पडदा वाळल्या पापडासारखा ताठ झाला होता. मेस्त्री एवढेच म्हणाले, "हे चालवून बिघडलं न्हाई, ठेवून बिघडलंय." आम्ही दिवाळीनंतर टाकीत अर्धे पेट्रोल तसेच ठेवून यंत्र कोपऱ्यात उभे केले होते. सात महिन्यांच्या त्या विश्रांतीने जे केले, ते चार महिन्यांच्या कामाने झाले नव्हते.

असे का व्हावे, हे समजून घेण्याजोगे आहे. पेट्रोल हा अनेक द्रवांचा मिलाफ असून त्यातील हलके भाग उडून जातात व मागे राहणारा भाग हवेच्या संसर्गाने हळूहळू डिंकासारखा होतो. त्यातच आपल्याकडील पेट्रोलमध्ये आता इथेनॉल, म्हणजे मद्यार्क, मिसळलेला असतो. २०२२ साली हे प्रमाण शेकडा १० झाले आणि २०२५ साली शेकडा २० पर्यंत पोहोचले. हा मद्यार्क काही अंशी उसापासून व मळीपासून निघतो, तेव्हा आपल्याच जिल्ह्याच्या शिवारातील ऊस अशा रीतीने आपल्या यंत्राच्या टाकीत परत येतो म्हणावयाचे! यात देशाचे हित असेल, परंतु मद्यार्काचा एक स्वभाव ध्यानात ठेविला पाहिजे: तो पाणी ओढून घेतो. पावसात झाकण उघडून पेट्रोल भरताना आत गेलेले थेंब आणि दमट हवेतील ओल तो आपल्यात सामावून घेतो. पाणी मर्यादेबाहेर गेले की पाणी व मद्यार्क मिळून वेगळे होतात व टाकीच्या तळाशी बसतात. इंजिन इंधन ओढते ते तळातूनच. त्यामुळे धातूस गंज चढतो, आणि जुन्या घडणीच्या यंत्रांतील रबरी नळ्याही मद्यार्काने फुगतात किंवा चिरतात.

टू-स्ट्रोक इंजिनाच्या बाबतीत धोका याहून मोठा असतो. अशा इंजिनास वंगणाची निराळी सोय नसते. पेट्रोलमध्ये मिसळलेले तेल हेच त्याचे वंगण. एका लिटरास पन्नासास एक या हिशेबाने २० मिलिलिटर आणि पंचविसास एक या हिशेबाने ४० मिलिलिटर तेल लागते. यांपैकी कोणते प्रमाण आपल्या यंत्रास योग्य, ते सोबतच्या माहितीपुस्तिकेत पाहून टाकीजवळच रंगाने लिहून ठेवावे. कारण गडीमाणसाने घाईत नुसते पेट्रोल भरले तर थोड्याच वेळात पिस्टन जाम होतो, आणि मग दुरुस्तीचा खर्च नव्या यंत्राशी स्पर्धा करू लागतो. उलट फोर-स्ट्रोक यंत्रात तेल निराळ्या जागी घालावयाचे असते. तेथे ते पेट्रोलमध्ये मिसळू नये.

आता बंद ठेवण्याची रीत सांगतो. मिश्रण लागेल तेवढेच करावे व महिन्याच्या आत संपवावे. दिवाळीच्या सुमारास शेवटचे गवत कापून झाले की इंजिन पूर्ण निवू द्यावे व उघड्यावर टाकी रिकामी करावी. मग यंत्र चालू करून ते आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्यावे, म्हणजे कार्बुरेटरमधील उरलेसुरले इंधन जळून जाते. काढलेले पेट्रोल गटारात किंवा झाडाच्या आळ्यात ओतू नये, मेस्त्रींकडे द्यावे.

इंजिन पुन्हा थंड झाल्यावर प्लग काढावा, सिलिंडरमध्ये स्वच्छ तेलाचे चार थेंब सोडावे, दोरी दोन-तीनदा हलके ओढून तेल सर्वत्र पसरू द्यावे आणि प्लग पुन्हा हाताने फिरवून बसवावा. प्लगची टोपी मात्र काढलेलीच राहू द्यावी. तशी ती असतानाच पात्यास हात लावावा. पाते फडक्याने पुसून तेलाचे बोट फिरवावे. हवेच्या गाळणीचा स्पंज साबणाच्या पाण्यात धुऊन सावलीत वाळवावा. गाळणी कागदी असेल तर धुऊ नये, नुसती झटकावी. सिलिंडरच्या पाकळ्यांत अडकलेले गवत काडीने काढावे, नाही तर इंजिनास वारा मिळत नाही. दांड्याच्या टोकाशी असलेल्या गिअरपेटीत ग्रीस भरावे.

ठेवण्याची जागाही विचारपूर्वक निवडावी. २०१९ व २०२१ साली पंचगंगेचे पाणी शहराच्या सखल भागांत शिरले, तेव्हा जमिनीवर ठेवलेल्या वस्तूंची काय गत होते ते कोल्हापूरकरांनी पाहिले आहे. यंत्र भिंतीस उंच टांगावे; वर जुन्या धोतराचे फडके टाकावे, प्लास्टिकची पिशवी नव्हे, कारण तीत ओल कोंडते. पुरात बुडालेल्या यंत्राची दोरी मात्र ओढून पाहू नये; ते तसेच मेस्त्रींकडे न्यावे.

एक सूचना गृहिणींस विशेषेकरून करावीशी वाटते. पेट्रोलची वाफ हवेहून जड असल्यामुळे ती जमिनीलगत सरपटत जाते. मागील पडवीत सांडलेल्या पेट्रोलची वाफ बंबाच्या विस्तवापर्यंत, स्वयंपाकघरातील शेगडीपर्यंत किंवा देवघरातील निरांजनापर्यंत पोहोचावयास वेळ लागत नाही. पेट्रोलचा डबा घट्ट झाकणाचा, त्याच कामासाठी केलेला असावा, आणि तो घराबाहेर, कुलपात असावा. पाण्याच्या बाटलीत पेट्रोल ठेवणे म्हणजे एखाद्या तहानलेल्या मुलाच्या जिवाशी खेळणे होय.

वास्तविक हंगामी यंत्रांची राखण आपल्या जिल्ह्यास शिकवावी लागू नये. ऊस संपला म्हणजे साखर कारखाना थांबतो, पण त्यातील कारागीर थांबत नाहीत; पुढच्या गळिताची तयारी ते पावसाळ्यातच करतात. घरगुती यंत्रासाठी त्याच रीतीने एक दिवस नेमून ठेवावा. खंडेनवमीस आपण हत्यारांस गंध-फूल वाहतो, त्याच दिवशी या यंत्राची गाळणी, प्लग व पाते तपासावे; आणि दिवाळीनंतर ते वर सांगितल्याप्रमाणे बंद करावे.

पुढील वैशाख संपता संपता नायलॉनची दोरी रात्रभर पाण्यात भिजत घालावी. उन्हाळ्यात ती ठिसूळ होते व भिजली की पुन्हा चिवट बनते. ताजे मिश्रण भरावे, डोळ्यांवर चष्मा चढवावा, मुलांस दूर उभे करावे आणि दोरी ओढावी. त्या फजितीनंतर आम्ही हा क्रम नेमाने पाळीत आलो आहो, व आमचे यंत्र मृगात बहुधा तिसऱ्या ओढीस बोलू लागते. संध्याकाळी मुले परसात निर्धास्त खेळताना दिसली म्हणजे दिवाळीत खर्ची घातलेला तो एक तास सत्कारणी लागल्याचे समाधान वाटते.