जुनी वावडी घेताना

मराठीत मोठ्या पतंगाला ‘वावडी’ म्हणतात आणि खात्री नसलेल्या बातमीलाही वावडीच म्हणतात. जुन्नर किंवा आंबेगाव तालुक्यातील एखादा तरुण जुनी पॉवर काइट विकत घेण्यासाठी निघाला, तर त्याची दोन्हींशी गाठ पडते. खरी वावडी दुर्मिळ असते. तिच्याविषयीच्या ऐकीव गोष्टी मात्र पुष्कळ असतात. या वस्तूला गावात दुकान नाही, पाटी नाही, ठरलेला भाव नाही. सारा व्यवहार छंद असलेल्या चार माणसांच्या ओळखीवर आणि शब्दावर चालतो. ज्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या पेढी चालत आली आहे, त्यांना हा लहानसा बाजार ओळखीचा वाटावा. शब्दाची किंमत तेथे जितकी उघड दिसते, तितकी मोठ्या बाजारातही क्वचितच दिसते.

वस्तू आणि तिचा पूर्वेतिहास

पॉवर काइट म्हणजे संक्रांतीचा कागदी पतंग नव्हे. तिच्या कापडी प्रकाराला कामट्या नसतात. घट्ट विणीच्या नायलॉन कापडाचे दोन थर शिवून त्यांत अनेक कप्पे केलेले असतात आणि पुढच्या कडेला त्या कप्प्यांची तोंडे उघडी ठेवलेली असतात. वारा आत शिरला की कप्पे फुगतात व कापडाला विमानाच्या पंखासारखा आकार येतो. अमेरिकेतील डोमिना जॅल्बर्ट यांनी १९६० च्या दशकात ही रचना सिद्ध केली. आजच्या पॅराग्लायडरचे छत्रही त्याच तत्त्वावर चालते. उडवणारा दोन किंवा चार दोऱ्यांनी या वावडीला डावीउजवीकडे वळवतो. नवशिक्यासाठी दीड ते तीन चौरस मीटरची वावडी पुरेशी मानली जाते. मोठ्या आकाराच्या वावड्या माणसाला चाकांच्या गाडीवरून मैदानात ओढत नेतात.

वाऱ्याच्या ओढीने वाहन चालवण्याची कल्पना नवी नाही. इंग्लंडमधील ब्रिस्टलचे शिक्षक जॉर्ज पोकॉक यांनी १८२६ मध्ये पतंगांनी ओढल्या जाणाऱ्या गाडीचे पेटंट घेतले. त्या काळी तेथील नाक्यांवर घोड्यांच्या संख्येवरून पथकर आकारला जाई. या गाडीला घोडाच नसल्यामुळे तिच्याकडून पथकर घेता येत नसे, असे सांगतात. जुन्नरकराला ही हकिकत वाचून नाणेघाटाच्या माथ्यावरील दगडी रांजण आठवेल. सातवाहन काळात घाटातून जाणाऱ्या मालाची जकात त्या रांजणात जमा होत असे, अशी परंपरा सांगितली जाते. पुढे १९०३ मध्ये सॅम्युएल कोडी यांनी पतंगाने ओढलेल्या लहान होडीतून इंग्लिश खाडी ओलांडली. १९७० च्या दशकात दोघा ब्रिटिश तरुणांनी ‘फ्लेक्सिफॉइल’ ही वावडी घडवली आणि १९९० च्या सुमारास न्यूझीलंडच्या पीटर लिन यांनी तिच्यासारख्या वावड्यांना जोडायची तीन चाकी गाडी लोकांपुढे आणली. तेथून हा खेळ जगभर पसरला.

नामांकित बनावटी ब्रिटन, न्यूझीलंड, जर्मनी अशा देशांतील असतात. एखादा नमुना काही वर्षे निघतो व मग बंद होतो. त्यानंतर तो उरतो तो केवळ छांदिष्टांच्या कपाटांत. म्हणून ज्याला विशिष्ट जुना नमुनाच हवा असतो, त्याला नव्या मालाच्या दुकानाचा उपयोग नसतो. त्याला माणसे शोधावी लागतात.

सुगावा कोठे लागतो

नारायणगाव किंवा मंचर येथून पाहिले तर दोन दिशा ठळक दिसतात. पहिली मावळ तालुक्यातील कामशेतची. तेथे पॅराग्लायडिंग रुजलेले असल्यामुळे या जातीचे कापड, त्याची शिवण आणि त्याचे आयुष्य ओळखणारी माणसे भेटतात. त्यांच्याकडे पॉवर काइट असेलच असे नाही. परंतु कोणाकडे असू शकेल हे सांगणारा, आणि पुढे वस्तू हाती आल्यावर ती पारखून देणारा जाणकार तेथे मिळू शकतो. दुसरी दिशा गोव्याची. मोरजी व आश्वे या किनाऱ्यांवर समुद्रात फळीवर उभे राहून वावडीने ओढले जाण्याचा खेळ चालतो.

मात्र येथे पहिला घोटाळा संभवतो. समुद्रावरच्या बहुतेक वावड्यांच्या कडेला हवा भरण्याच्या नळ्या असतात, म्हणजे पाण्यात पडल्या तरी त्या तरंगतात आणि पुन्हा उचलता येतात. जमिनीवर वापरायची कप्प्यांची वावडी निराळी. दोन्हींना सरसकट ‘काइट’ म्हटले जाते. म्हणून चौकशी करतानाच नमुन्याचे नाव, आकार, दोऱ्यांची संख्या आणि वापर जमिनीवर की पाण्यावर, या चार गोष्टी स्पष्ट लिहून पाठवाव्यात. ‘एखादी जुनी काइट आहे का?’ या प्रश्नाला वावड्याच उत्तर म्हणून येतात.

धीरही हवा. छंदातला माणूस आपली वस्तू सहसा परक्याच्या हाती देत नाही. आधी तो घेणाऱ्याची पारख करतो. याला उडवता येते का, हा जपेल का, की चार दिवसांत फेकून देईल, हे त्याला जाणून घ्यायचे असते. अशा वेळी घासाघीस करण्याआधी एखादा रविवार त्याच्याबरोबर मैदानात घालवलेला अधिक कामी येतो. ‘काका, तुम्ही उडवताना मला नुसते शेजारी उभे राहू द्या,’ एवढी विनंती अनेकदा पुरते. वावडी लगेच मिळाली नाही तरी विद्या मिळते.

अचौर्याची कसोटी

तत्त्वार्थसूत्र हा ग्रंथ दिगंबर व श्वेतांबर दोन्ही परंपरांना मान्य आहे. त्याच्या सातव्या अध्यायात अचौर्य अणुव्रताचे अतिचार सांगितले आहेत. ते प्रामुख्याने व्यापाराचे दोष आहेत. जुन्या वावडीच्या व्यवहाराला लावून पाहिले, तर ते जणू तपासणीची यादी ठरतात.

हीनाधिकमानोन्मान म्हणजे मापातील लबाडी. वावडीचा आकार दोन तऱ्हांनी मोजतात. कापड जमिनीवर सपाट पसरून मोजलेले क्षेत्रफळ एक. हवेत कमान घेतल्यावर तिची जी सावली पडेल त्या सावलीचे क्षेत्रफळ दुसरे. दुसरे नेहमीच कमी भरते. विकणाऱ्याने कोणते माप सांगितले हे उघड केले नाही, तर ग्राहक चुकीच्या ताकदीची वावडी घेऊन जातो.

प्रतिरूपकव्यवहार म्हणजे भेसळ करणे किंवा एक दाखवून दुसरे देणे. कापडाखालच्या बारीक दोऱ्यांच्या जाळ्यावर वावडीचा सारा तोल अवलंबून असतो. एका नमुन्याच्या कापडाला दुसऱ्या नमुन्याचे जाळे बांधून ‘मूळचेच आहे’ असे सांगणे, हा याच अतिचाराचा आजचा अवतार होय.

तदाहृतादान म्हणजे चोरीचा माल घेणे. किनाऱ्यावरून किंवा गाडीतून नाहीशी झालेली वावडी स्वस्तात विकायला येऊ शकते. मूळ खरेदीची पावती, पूर्वीच्या मालकाशी बोलणे, निदान जुनी छायाचित्रे यांची मागणी करण्यात संकोच नसावा. विरुद्धराज्यातिक्रम म्हणजे राज्याच्या नियमांना बगल देणे. परदेशातून आणवलेल्या मालाची किंमत कागदावर कमी दाखवून सीमाशुल्क चुकवणे हे त्यातच येते. छंदाची वस्तू आहे, धंद्याची नाही, या सबबीने अतिचार टळत नाही.

दोष आधी, भाव नंतर

या व्यवहारातील खरी जोखीम पैशाची नाही. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की वावडीची ओढ सुमारे चौपट होते. मंद झुळुकीत जी हाताला गुदगुल्या करते, तीच सोसाट्यात माणसाला फरफटवते, प्रसंगी जमिनीवरून उचलून आपटते. अशा वेळी झिजलेली दोरी तुटली किंवा सुटका करणारा मनगटी पट्टा अडकला, तर हाडे मोडतात, जीवही जाऊ शकतो. लपवलेला दोष येथे घेणाऱ्याच्या देहावर उमटतो.

म्हणून पाहणी शांतपणे करावी. कापड उजेडासमोर धरून बारीक छिद्रे शोधावीत. कापडाला ओठ लावून जोराने फुंकावे. हवा सहज आरपार गेली तर कापडाचा लेप संपला असे समजावे. नवे कापड हातात कुरकुरते, उन्हाने जुने झालेले मऊ पडते व त्याचा रंग उडतो. आतल्या कप्प्यांच्या पडद्यांची शिवण पाहावी. बुरशीचा वास, वाळू आणि खाऱ्या पाण्याचे पांढरे डाग यांची नोंद घ्यावी. चारही दोऱ्या एका खुंटीला बांधून ताणाव्यात. लांबीत फरक असेल तर वावडी एकाच अंगाला कलते. दोरीत मध्येच गाठ असेल तर तिची ताकद घटलेली असते. शेवटी, मंद वाऱ्यात विकणाऱ्यासमोर उडवून पाहावे.

दोऱ्या बदलता येतात, फाटलेला कप्पा शिवता येतो. पण उन्हाने जीर्ण झालेले कापड पुन्हा नवे होत नाही. त्यामुळे भाव मुख्यतः कापडावर ठरावा. चांगला विक्रेता हे सारे दोष ग्राहकाने विचारण्याआधीच सांगतो. पेढीवरच्या जुन्या माणसांना ही रीत शिकवावी लागत नाही.

आकाश कोणाचे

वस्तू घरी आली तरी प्रश्न संपत नाहीत. जुन्नर-आंबेगावात मोकळी जागा पुष्कळ वाटते, पण पॉवर काइटला योग्य जागा थोडी. नाणेघाटाचा पावसाळी वारा धबधब्याचे पाणी उलटे उडवतो. त्या कड्यावर वावडी नेणे म्हणजे जिवाशी खेळ. शेतशिवारातून विजेच्या तारा गेलेल्या आहेत आणि ओलसर दोरी तारेला लागली तर वीज अंगात उतरू शकते. खोडद परिसरात जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ३० तबकड्या आहेत, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाची. त्यांच्या आसपास वावडीचे काम नाही. भीमाशंकर अभयारण्याची हद्दही वर्ज्य. उन्हाळ्यात डिंभे किंवा माणिकडोह धरणाचे पाणी ओसरल्यावर काठाची सपाट जमीन उघडी पडते, परंतु तेथेही संबंधितांची परवानगी घेऊन आणि गुरे-माणसे नसताना.

सर्वांत मोठा प्रश्न पक्ष्यांचा. संक्रांतीच्या काटाकाटीत मांजाने पंख कापलेले पक्षी जैन घरांतील मुलांनी पाहिलेले असतात. दिल्लीत लाल किल्ल्यासमोरील दिगंबर जैन लाल मंदिराच्या आवारात पक्ष्यांसाठी धर्मादाय रुग्णालय चालते, ते याच करुणेतून. पॉवर काइटच्या खेळात काटाकाटी नसते. दोरीला काचेची भुकटी लावलेली नसते. ती वीस-पंचवीस मीटर लांबीचीच असते आणि उडवणाऱ्याच्या हातातून सुटून झाडावर लोंबकळत राहत नाही. तरीही ताणलेली बारीक दोरी वेगाने येणाऱ्या पक्ष्याला दिसतेच असे नाही. पिंपळगाव जोगे जलाशयाच्या फुगवट्यावर रोहित पक्षी उतरतात, इतर धरणांवर बगळे आणि बदके असतात. थवे परतण्याची सांजवेळ आणि पाणथळ काठ टाळणे हे यत्नाचारात येते. गंमत म्हणून केलेली हिंसा अनर्थदंडाच्या बाहेर राहत नाही.

कायद्याचेही भान हवे. १९३४ च्या विमान कायद्याच्या व्याख्येत पतंगाचा समावेश होता. ११ जुलै २०१७ रोजी राष्ट्रीय हरित लवादाने नायलॉन व इतर कृत्रिम धाग्यांच्या मांजावर देशभर बंदी घातली. पॉवर काइटची दोरी कापण्यासाठी नसली तरी ती कृत्रिम धाग्याचीच असते. म्हणून मैदानात उतरण्याआधी स्थानिक पोलीस ठाण्यात विचारून घेणे शहाणपणाचे. ‘आमचा मांजा नाही’ हे आपण आपल्यापुरते ठरवून चालत नाही.

वावडीबरोबरची वही

या छंदातील एक साधी पद्धत व्यापारी घरांना आपलीशी वाटेल अशी आहे. वावडीच्या पिशवीत एक छोटी वही ठेवावी. केव्हा, कोणाकडून, किती किमतीला घेतली. कोणता कप्पा फाटला व कोणी शिवला. दोऱ्या कधी बदलल्या. कोणत्या वाऱ्यात ती कशी वागली, हे तारखेनिशी लिहावे. पुढे वावडी विकली जाईल तेव्हा वहीही तिच्याबरोबर जावी.

कारण ती कधीतरी विकायचीच आहे. वापर थांबल्यावर कपाटात दडवलेल्या कापडाला घडीवर चिरा पडतात, बुरशी धरते. कोणाच्याच उपयोगी न पडता ते नाश पावते. परिग्रहाला मर्यादा घालणाऱ्या व्रताचा हा घरगुती अर्थ आहे. वस्तू आपल्याजवळ तिच्या उपयोगापुरती असावी आणि नंतर योग्य हाती जावी. पुढे ओतूर किंवा घोडेगावचा एखादा तरुण तीच वावडी शोधत येईल, तेव्हा त्याला पहिल्या पानापासून शेवटच्या ठिगळापर्यंत सारे लिहिलेले मिळावे, आणि भाव विचारण्याआधी ते त्याने वाचावे.