हाती न लागणारे शिंगरू

धनगरांचा वाडा पुढच्या मुक्कामाला निघायचा असतो. बिऱ्हाड बांधून तयार, घोडी ओझ्याला उभी, आणि दीड वर्षांचे शिंगरू मात्र दहा पावलांवर कान टवकारून उभे. मग चौघे धावतात, कोणी दोर फेकतो, कोणी दगड मारतो. शेवटी कोपऱ्यात कोंडून ते धरले जाते, आणि धरल्याबरोबर पाठीवर दोन कोरडे! उद्या ते वीस पावलांवरूनच पळेल. जखमेत किडे पडतील त्या दिवशी औषध लावायलाही हाती लागणार नाही. शिक्षकमंडळींना हे कोडे पडू नये. उशिरा आलेल्या पोराला दारातच छडी बसली, तर ते दुसऱ्या दिवशी लवकर येत नाही, येतच नाही.

घोडा हा पळून जीव वाचवणारा प्राणी. डोळे डोक्याच्या दोन बाजूंना, त्यामुळे जवळजवळ सारा भोवताल त्याला दिसतो. दिसत नाही ते कपाळासमोरचे अगदी जवळचे आणि थेट शेपटामागचे. म्हणून तोंडासमोरून हात पुढे करीत जाऊ नका, मागून तर नकोच. खांद्याच्या रोखाने, तिरके, रमतगमत जा.

आता मुख्य गोष्ट. वीसेक पावले लांबरुंद असे कुंपणाचे आवार घ्या. उघड्या माळावर हा धडा होत नाही. शिंगराकडे चालू लागा. ते थांबले, तुमच्याकडे कान वळवले, की तिथेच थांबा आणि पाठ फिरवून चार पावले परत या. ऐकायला उफराटे वाटेल खरे! पण घोडा शिकतो तो दाब सुटतो त्या क्षणी. आपण उभे राहिलो की माणूस मागे सरतो, हे त्याला उमजले पाहिजे. पळालेच तर तुम्ही धावू नका; ते थांबेपर्यंत त्याच चालीने चालत राहा.

हात पोचेल इतके जवळ गेलात तरी तोंडाला हात घालू नका. अयाळ संपते तिथे, खांद्यांच्या उंचवट्यावर खाजवा. घोडे एकमेकांना तिथेच दातांनी खाजवतात. तिथे खाजवल्याने घोड्याच्या हृदयाचे ठोके मंदावतात, हे मोजून पाहिलेले आहे. खाजवा आणि निघून या. पुढे दोर मानेवर टाका, काढा, निघून या. मग मोहरकी घाला, काढा, निघून या. एका वेळी दहा-पंधरा मिनिटे पुरेत. पूर्वी मार जितका खाल्ला असेल, तितके दिवस जास्त लागतील.

चंदी दाखवून बोलवायला हरकत नाही, पण पाटीत तोंड असताना झडप घालू नका. अशाने ते मान लांबवून घास घ्यायला आणि निसटायला शिकते. मोहरकीसकट चरायला सोडण्याची युक्ती तर नकोच. खुंटाला, झुडपाला अडकून मान मोडायची. पाच वेळा धराल तर चार वेळा नुसता खरारा करून सोडा. आणि सोडताना त्याचे तोंड आपल्याकडे वळवून मगच मोहरकी काढा, नाहीतर ते उधळले की लाथ तुम्हालाच बसेल.