टोपली नसलेलं दुकान

स्टॉकहोममधल्या एखाद्या वाइन आयातदाराचं संकेतस्थळ उघडून बघावं. बाटलीचा स्वच्छ फोटो, द्राक्षाची जात, ज्या उतारावर वेल वाढले तिथली माती, वाइन कोणत्या जेवणाबरोबर घ्यावी, किती अंशांवर गार करावी, किंमत, सगळं जागच्या जागी. वाचून तोंडाला पाणी सुटलं की बोट आपसूक खाली सरकतं, टोपली शोधत. टोपली नसते. तिच्या जागी एक बटण असतं: सिस्टेमबोलागेटकडे मागवा. ते दाबलं की गिऱ्हाईक या दुकानातून उठतं आणि थेट सरकारच्या दुकानात जाऊन पैसे मोजतं.

साडेतीन टक्क्यांपर्यंतची बिअर स्वीडनमध्ये किराणा दुकानात मिळते. त्यापुढची बिअर, वाइन आणि कडक दारू घरी न्यायची तर देशात ती विकण्याचा हक्क एकाच कंपनीला आहे. सिस्टेमबोलागेट हे तिचं नाव, मालक सरकार. लोक नुसतं ‘सिस्टेमेट’ म्हणतात. तिची चारशेच्या वर दुकानं आहेत. शनिवारी दुपारी तीननंतर ती उघडी ठेवता येत नाहीत, रविवारी तर उघडतच नाहीत. वीस वर्षं पूर्ण झाल्याशिवाय माल मिळत नाही, आणि चेहरा पंचविशीच्या आतला वाटला की ओळखपत्र दाखवावं लागतं. ‘दोनावर एक फुकट’ हा प्रकार नाही. सणासुदीची सूट नाही. काउंटरवरचा माणूस जाणकार असतो, विचारलं तर मनापासून सांगतो. पण ‘आणखी एक घ्या ना’ हे वाक्य त्याच्या तोंडून निघायचं नाही. गिऱ्हाइकाला जास्त पाजणं हे या दुकानाचं कामच नाही, उलट ते टाळावं म्हणूनच दुकान सरकारी आहे.

मग ऑनलाइन वाइनचा धंदा करणारा नेमकं करतो काय? तर विकणं सोडून बाकी सगळं. वधुवर सूचक मंडळासारखं म्हणा हवं तर. स्थळ शोधायचं, माहिती द्यायची, फोटो दाखवायचा, दोन्हीकडच्यांच्या मनात भरवायचं. अक्षता मात्र दुसऱ्याच्या मांडवात पडणार.

ही अशी मांडणी कुठून आली, ते थोडं मागे जाऊन बघावं लागतं. गडकरी ‘एकच प्याला’ लिहीत होते त्याच सुमारास, 1917 मध्ये, स्वीडनमध्ये दारूचं रेशनकार्ड देशभर लागू झालं. मूटबूक म्हणत त्याला. इवान ब्राट नावाच्या डॉक्टरच्या डोक्यातून निघालेली ही योजना. कोणी किती घेतली याची नोंद त्या वहीत होई. कार्ड कोणाला द्यायचं, किती द्यायचं हे माणसाची मिळकत आणि वर्तणूक बघून ठरे, आणि लग्न झालेल्या बाईला तर ते मिळतच नसे, कारण घरात नवऱ्याचं होतं. 27 ऑगस्ट 1922 ला संपूर्ण दारूबंदीवर सार्वमत झालं. आल्बर्ट एंगस्ट्रम या चित्रकाराने बंदीच्या विरोधात भित्तिपत्रक काढलं. ऑगस्ट हा तिथे क्रेफिश खाण्याचा हंगाम, आणि चित्रातला माणूस सांगत होता की या जेवणाला घोट हवाच. बंदीचा प्रस्ताव पडला, तोही 51 विरुद्ध 49 टक्के अशा काठावरच्या फरकाने. मूटबूक 1 ऑक्टोबर 1955 ला गेलं. त्याच वर्षी गावोगावच्या दारू कंपन्या एकत्र करून आजची सिस्टेमबोलागेट उभी राहिली. आज स्टॉकहोममध्ये फोनवर बोट फिरवत वाइन निवडणाऱ्या तरुणाच्या आजोबांकडे ती वही असू शकते.

1995 मध्ये स्वीडन युरोपीय संघात गेला. आयात आणि घाऊक व्यापार यांवरची मक्तेदारी सुटली, किरकोळ विक्रीची राहिली. हॅरी फ्रान्सेन या दुकानदाराने आपल्या किराणा दुकानात मुद्दाम वाइन विकली. गुपचूप नव्हे, खटला व्हावा म्हणूनच. प्रकरण युरोपच्या न्यायालयात गेलं आणि 1997 मध्ये निकाल लागला: सरकारी दुकानाची मक्तेदारी युरोपीय कायद्यात बसते. फ्रान्सेन हरला. पण त्याच निकालात न्यायालयाने आयातीच्या परवान्यांभोवतीच्या जाचक अटी चुकीच्या ठरवल्या. दुकान मिळालं नाही, गोदामाची वाट मात्र मोकळी झाली. आजचे छोटे छोटे आयातदार याच फटीतून उगवले आहेत.

आता या आयातदाराचं काम जवळून पाहू. कंपनी पुष्कळदा दोन-तीन माणसांची असते, कधी एकट्याचीच. कर खात्याकडे नोंदणी करून, अनामत ठेवून, कर न भरता माल साठवता येईल अशा गोदामात जागा घ्यायची. मग सरकारी दुकानात शिरायचे दोन रस्ते. पहिला निविदेचा. सिस्टेमबोलागेट आपल्याला काय हवं ते आधी जाहीर करते: अमुक प्रदेशातली पांढरी, अमुक शैलीची, अमुक किमतीच्या आत, इतक्या बाटल्या. आयातदार नमुने पाठवतात. लेबल झाकून ती वाइन चाखली जाते. इथे द्राक्षमळ्याच्या मालकाचं घराणं, लेबलावरचा किल्ला, आयातदाराची ओळख, काही कामाला येत नाही. पेल्यात काय आहे तेवढंच. जिंकलात तर एका दिवसात देशभरच्या फळ्या मिळतात. हरलात तर नमुन्यांच्या बाटल्यांचा खर्च पदरात. आणि जिंकल्यावरही निवांत बसता येत नाही. खप आकड्यांत मोजला जातो आणि मागे पडलेली बाटली फळीवरून उतरते.

दुसरा रस्ता लांबचा. ऑनलाइन धंदा खऱ्या अर्थाने राहतो तो या रस्त्यावर. कोणताही पात्र आयातदार आपली वाइन ‘मागणीवर मिळणाऱ्या’ यादीत घालू शकतो. बाटली दुकानात नसते, आयातदाराच्याच गोदामात असते. गिऱ्हाइकाने सिस्टेमबोलागेटच्या संकेतस्थळावर ती मागवली की निरोप आयातदाराकडे येतो, माल निघतो, काही दिवसांनी गिऱ्हाइकाच्या जवळच्या दुकानात पोचतो. या यादीत हजारो बाटल्या आहेत. त्यात आपली कोणाला सापडणार? फळी नाही, खिडकी नाही, येताजाता नजर पडायची सोय नाही. म्हणून इथला धंदा हा बराचसा लिहिण्याचा धंदा आहे. आयातदार दर आठवड्याला ईमेल पाठवतो. एकच वाइन घेऊन तिच्यावर दोन-तीन परिच्छेद, मळा, हवामान, त्या वर्षीचा पाऊस, शेवटी ते बटण. पत्र चांगलं उतरलं तर बटण दाबलं जातं. स्पॅनिश टेकडीवरच्या धुक्याचं वर्णन जमलं नाही तर गोदामातली खोकी तिथेच.

लिहितानाही हात बांधलेले. कायदा सांगतो की दारूची जाहिरात संयमाची हवी, आणि जाहिरातीतल्या चित्रात फक्त माल, त्यातला कच्चा माल, सुटी बाटली आणि व्यापारचिन्ह एवढंच दाखवावं. म्हणजे द्राक्षं चालतील. द्राक्षं खुडणारी हसरी मुलगी चालणार नाही. समुद्रावरचा सूर्यास्त, गच्चीवरची मेजवानी, पेल्याला पेला भिडवणारे हात, सगळं बाद. पंचविशीच्या आतल्यांना उद्देशून काही करायचं नाही. परिणाम असा की स्वीडनमधली वाइनची जाहिरात एखाद्या औषधकंपनीच्या पत्रकासारखी कोरी दिसते, आणि सगळा रस मजकुरात उतरतो. चित्र काढून घेतलं की शब्दांना धार येते, हे त्या पत्रांवरून कळतं. वाचकही तयार आहे म्हणा. मुनशेंकार्ना ही वाइन चाखणाऱ्यांची संघटना तिथे 1958 पासून आहे, तिचे हजारो सभासद आहेत, रीतसर परीक्षा देणारे. अशा माणसापुढे थापा टिकत नाहीत.

पैशांचं गणित एकदा मांडून बघण्यासारखं आहे. साध्या वाइनवर अल्कोहोल कर लागतो तो किमतीवर नाही, लिटरवर. पाऊण लिटरच्या बाटलीला तो साधारण 20 क्रोना पडतो. वर 25 टक्के मूल्यवर्धित कर, आणि तो या करावरसुद्धा लागतो. म्हणजे फळीवर 80 क्रोनांना असलेल्या बाटलीत 16 क्रोना मूल्यवर्धित कर, 20 अल्कोहोल कर. उरलेल्या 44 क्रोनांत दुकान, आयातदार, ट्रक, काच, बूच, लेबल आणि शेवटी तो बिचारा द्राक्षवाला. हीच बाटली 400 क्रोनांची असती तर 80 आणि 20 वजा जाऊन 300 उरले असते. सिस्टेमबोलागेटची स्वतःची भर सगळ्यांना सारखीच: ठरावीक टक्के आणि नगामागे ठरावीक रक्कम. नामांकित वाइन आली म्हणून ती जास्त ओढत नाही. म्हणून स्वस्तातली वाइन तिथे महाग आणि उंची वाइन त्या मानाने स्वस्त, असा उलटा बाजार दिसतो. छोटा आयातदार महागड्या, थोडक्या बाटल्यांकडे वळतो त्यामागे रसिकता असेलही. हे 44 आणि 300 तर नक्कीच आहेत. तीन लिटरच्या खोक्यातली वाइन, जिचा तिथे प्रचंड खप आहे, ती मोठ्यांची मक्तेदारी.

हे सगळं झालं सरळ दाराने. पण स्वीडनच्या दक्षिण टोकाला उभं राहिलं की समोर डेन्मार्क दिसतो, आणि 2000 सालापासून मध्ये पूल आहे. तिथे वाइन कोणीही विकू शकतो.

पण बाहेरची वाइन घरबसल्या मागवता येते का? स्वीडनमधल्या क्लास रोसेनग्रेन आणि आणखी काही जणांनी स्पॅनिश वाइनची खोकी टपालाने मागवली होती. जकातवाल्यांनी ती जप्त केली. 5 जून 2007 ला युरोपच्या न्यायालयाने सांगितलं की खासगी माणसाला अशी वाइन मागवायला बंदी करणं बसत नाही. झालं. यानंतर टोपली असलेली दुकानं निघाली, फक्त ती पुलापलीकडे नोंदलेली. विनफाइंडर हे त्यातलं गाजलेलं नाव. विकणारी कंपनी डॅनिश, तिची भावंड कंपनी स्वीडिश, भाषा स्वीडिश, गिऱ्हाईक स्वीडिश, खोकं थेट दारात. सिस्टेमबोलागेटने दावा लावला: ही विक्री नावालाच डेन्मार्कमधली, प्रत्यक्षात स्वीडनमधलीच आहे. खालच्या न्यायालयात सरकारी कंपनी जिंकली, अपिलात हरली. जुलै 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही विनफाइंडरच्या बाजूने कौल दिला.

ऐकणाऱ्याला वाटतं, पलीकडून येते म्हणजे करचुकवेगिरी असणार. तसं नाही. दारात पाठवलेल्या वाइनवर स्वीडनचाच अल्कोहोल कर आणि स्वीडनचाच मूल्यवर्धित कर विक्रेत्याला भरावा लागतो, माल निघण्याआधी नोंदणी आणि हमी द्यावी लागते. स्वस्ताई हवी असेल तर माणसाने स्वतः गाडी घेऊन पूल ओलांडावा, स्वतःपुरती घ्यावी आणि स्वतः आणावी. ऑनलाइन दुकानाचा फायदा निवडीचा आहे, आणि सहा बाटल्यांचं खोकं जिना चढवून न्यावं लागत नाही याचा.

त्या खोक्याचा शेवटचा टप्पा हा या धंद्यातला सगळ्यात नाजूक भाग. पुस्तक असतं तर शेजाऱ्याकडे ठेवलं असतं. वाइन दाराशी ठेवून जाता येत नाही. देणाऱ्याने घेणाऱ्याचं वय तपासलंच पाहिजे. गिऱ्हाईक घरी नसलं की खोकं परत, पुन्हा फेरी, पुन्हा भाडं. सिस्टेमबोलागेटही आता घरपोच देते, आणि तिथेही हाच दंडक: ओळखपत्र दाखवा, आणि झोकांड्या खात दार उघडलंत तर खोकं आल्या पावली परत जाईल. शिवाय हिवाळा. बारा टक्क्यांची वाइन उणे पाचच्या आसपास गोठू लागते. उत्तर स्वीडनमध्ये जानेवारीत पारा त्याच्या कितीतरी खाली असतो. पाणी गोठताना फुगतं, बूच वर सरकतं, कधी बाटली फुटते. ऊब असलेला ट्रक हवा, आणि रात्रभर खोकं उघड्या फलाटावर राहणार नाही याची खात्री हवी. आयातदाराच्या संकेतस्थळावर मातीचं वर्णन असतं, या फलाटाचं नसतं.

मोठ्यांनी वेगळी वाट काढली. सिस्टेमबोलागेटला माल पुरवणाऱ्या प्रमुखांपैकी एक असलेल्या वीवा वाइन ग्रुपने 2021 मध्ये विकॅम्पो ही ऑनलाइन वाइन विकणारी कंपनी ताब्यात घेतली. जर्मनीतली. टोपली असलेलं दुकान चालवण्याची हौस घरी भागत नव्हती.

आता स्वीडनमध्ये द्राक्षंही पिकतात. दक्षिणेकडच्या स्कोने प्रांतात कुलाबेर्ग डोंगराच्या परिसरात सोलारिस या थंडीला दबणार नाही अशा जातीची पांढरी वाइन होते. वर्षानुवर्षं या शेतकऱ्याला आपली बाटली आपल्याच अंगणात विकता येत नसे. पाहुण्याला मळा दाखवायचा आणि गावातल्या सिस्टेमेटचा पत्ता द्यायचा. 1 जून 2025 पासून तेवढं बदललं. पैसे भरून मळ्याची फेरी किंवा व्याख्यान घेतलेल्या पाहुण्याला शेतकरी स्वतः वाइन विकू शकतो, एका माणसाला तीन लिटरपर्यंत. हा कायदा सहा वर्षांच्या मुदतीचा आहे. पाहुणा घरी परतला, वाइन आवडली म्हणून त्याने रात्री मळ्याचं संकेतस्थळ उघडलं, तर तिथे टोपली नाही. तेच बटण आहे.