भोगवर्धनचे नाणे आणि लोकोपयोगी कर

जालना जिल्ह्यातील भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. केळणा नदीकाठचे हे नगर प्रतिष्ठान (पैठण) ते उज्जयिनी या व्यापारी मार्गावर वसले होते. सांची व भारहुत येथील स्तूपांच्या दानलेखांत भोगवर्धनच्या रहिवाशांचा उल्लेख आढळतो. नागपूर व मराठवाडा या विद्यापीठांनी 1973 मध्ये येथे उत्खनन केले. त्यात सातवाहनकालीन नाण्यांसोबत एक खंडित हस्तिदंती स्त्रीमूर्ती मिळाली. इटलीतील पाँपेई येथे 1938 मध्ये सापडलेल्या मूर्तीशी तिचे विलक्षण साम्य आहे.

सातवाहनांनी शिसे, तांबे, पोटीन हा मिश्रधातू आणि चांदी यांची नाणी पाडली. त्यांत शिसे व पोटीन यांची नाणी विपुल आहेत. कमी मोलाच्या धातूचे नाणे हे बाजारहाटाच्या रोजच्या देवघेवीचे साधन असते. म्हणून अभ्यासकाने चांदीपेक्षा या नाण्यांकडे अधिक लक्ष द्यावे, असे वाटते. नाणे हे राजसत्तेचेही चिन्ह होते. नाशिक जिल्ह्यातील जोगलटेंभी येथे 1906 मध्ये क्षहरात राजा नहपान याची तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी सापडली. त्यांपैकी सुमारे दोन-तृतीयांश नाण्यांवर विजेत्या गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप पुन्हा उठविला आहे.

याच गौतमीपुत्राने धर्माने मिळविलेल्या कराचाच विनियोग केला, असे नाशिकच्या लेण्यातील त्याची आई गौतमी बलश्री हिचा लेख गौरवाने सांगतो. नाणेघाटातील दगडी रांजण जकातीचा होता, ही लोकपरंपराही त्याच काळाशी जोडली जाते.

सार्वजनिक सोयींसाठी द्रव्य कसे वापरले जाई, हे नहपानाचा जावई उषवदात याच्या नाशिक येथील लेखांवरून स्पष्ट होते. त्याने दमण, तापी, पारदा आदी नद्यांवर विनामूल्य नावा ठेवल्या आणि भरुकच्छ, गोवर्धन व शूर्पारक येथे विश्रामस्थाने बांधली. शिवाय गोवर्धनच्या कोष्टी श्रेणींकडे त्याने 3,000 कार्षापणे (त्या काळची नाणी) अक्षयनीवी, म्हणजे कायम ठेव, म्हणून ठेवली. त्यांपैकी 2,000 वर दरमहा शेकडा एक व्याज ठरले. महिन्याला 20, वर्षाला 240 कार्षापणे. त्यातून लेण्यात वर्षावास (पावसाळ्यातील मुक्काम) करणाऱ्या 20 भिक्षूंना चीवरासाठी, म्हणजे वस्त्रासाठी, प्रत्येकी 12 मिळत. उरलेल्या 1,000 वर दरमहा पाऊण टक्का व्याज होते. मुद्दल परत घ्यायचे नाही, फक्त व्याज वापरायचे, ही अट होती. हा सारा व्यवहार निगमसभेत वाचून दाखविण्यात आला आणि फलकावर नोंदविण्यात आला.